एसटीच्या शेडीतली सेवा

४ जानेवारी १९८६, शनिवार

आणि खिचडी करपली ती माझ्यामुळे नाही. हे आज आप्पांना मी परत सांगितलं. ढवळायला मला ठेवलं होतं हे खरं. पण मी चुलीपासून उठलो तो उनाडायला नाही, समोरच्या शेडीत खिचडी येतेय अशी वर्दी द्यायला गेलो होतो. माणसांना आधी कळलंच नाही तर ती तयार कशी राहणार. आप्पा म्हणाले, लवू, ती माणसं दिवसभर भुकेलीच असतात, त्यांना तयारी कसली करायची हाय. ह्यालाच मी अनुभव नसणं म्हणतो.

डायरी नवीन आहे म्हणून सगळं पहिल्यापासून नीट लिहितो. आप्पांचं हातखंब्याच्या तिठ्यावर हॉटेल आहे. मारुतीच्या देवळात भजनाचे बुवाही तेच. शनिवारी भजन संपलं की एसटीच्या जुन्या शेडीत राहणाऱ्या बेघर लोकांना भजनी मंडळातर्फे खिचडी द्यायची, ही कल्पना माझी. दिवाळीतच मी म्हटलं होतं की काहीतरी केलं पाहिजे. आप्पा तेव्हा डाळ धूत होते, म्हणजे त्यांनी ऐकलं असणारच.

वाढायचा डाव आजही मला दिला नाही. मी टोप घासला.

५ जानेवारी, रविवार. सकाळ

निश्चय. नुसती खिचडी दिली म्हणजे सेवा होत नाही. मागे कीर्तनकार आले होते ते सांगून गेले, गरिबाला वाढून पळू नका, त्याच्या शेजारी बसा, त्याचे सोयरे व्हा. आप्पा वाढतात आणि गल्ल्यावर जाऊन बसतात. मी शेजारी बसणार. मंडळात मैत्री विभाग म्हणून एक विभाग पाहिजे आणि तो मी बघणार.

दुसरा निश्चय आयेचा. आयेचं पत्र आलंय, शेजारच्या गुणवंतीने लिहून दिलेलं. आमचं गाव मंडणगडाकडे, इथून फार लांब. गेल्या पावसात पडवीची कौलं आणि दोन वासे गेले. त्याच्याआधीच्या पावसात निम्मी कौलं गेली होती, म्हणून गेल्या शिमग्याला देवाची पालखी आमच्या घरात आलीच नाही. मानकरी म्हणाले, डोक्यावर काय पडलं तर कोण निस्तरणार. अंगणात खालीच टेकवली आणि आयेने उन्हात उभं राहून ओटी भरली. सगळ्या वाडीने बघितलं. आता आये लिहिते, लवू, औंदा पालखी आत आली पायजे, बाकी मला काय नको.

मी उलट टपाली कळवलं की शिमग्याआधी पाचशे रुपये येतील. कौलवाल्याला बोलून ठेव.

रावजीशेठच्या टायरच्या दुकानात मी पंक्चर काढतो. पगार आहे, राहायला दुकानावरचा माळा फ्री आहे. पाचशे म्हणजे काहीच नाही.

११ जानेवारी, शनिवार

मैत्री विभागाचं काम सुरू. शेडीत मुख्य दोघं. एक धोंडूबाई, बंदराकडची म्हातारी, मासे विकायची. दुसरा भिवा, ट्रकवर क्लीनर होता, ट्रकखालीच पाय गेला, आता काठी घेऊन चालतो. बाकीचे येतात आणि जातात.

धोंडूबाईच्या शेजारी बसलो. आस्थेने विचारलं, घर कसं गेलं, मुलाने काढलं काय, सुनेने काढलं काय, समुद्राने नेलं काय. ती म्हणाली, होतं, आता नाय, तू जेवलास काय. मी म्हटलं माझं राहू दे, आपण तुझ्याबद्दल बोलू. ती म्हणाली, तुझं पोट बोलतंय ते रस्त्यापलीकडे ऐकायला जातंय मेल्या. आणि तिने पुडीतला भाजलेला सुका बांगडा मोडून अर्धा मला दिला.

शनिवार होता, मी मांसमच्छी खात नाही. पण तिचा माझ्यावर बसलेला विश्वास मोडणं बरोबर नव्हतं.

भिवा म्हणाला, सरका रं, साहेब आले, आता आपली गरिबी हटतेय. मी हसून सोडून दिलं. अशी माणसं मनाने खचलेली असतात.

२० जानेवारी, सोमवार

रत्नागिरीला जाऊन आलो. रावजीशेठला दाढ दुखते असं सांगितलं. रबरी शिक्का करून घेतला. ‘लवू बा. पाष्टे, सेवाप्रमुख’. दुकानदाराने विचारलं, कुठल्या सेवेचे. मी म्हटलं, सगळ्याच. शाईचा पॅड वेगळा पडतो हे त्याने आधी सांगितलं नव्हतं. पांढरा झब्बा एक घेतला, कारण पंक्चरच्या कपड्यांत कोण आपल्याशी मन मोकळं करणार.

पाचशेतले हे नाहीत. पाचशे वेगळे.

२१ जानेवारी, मंगळवार

आप्पांना शिक्का दाखवला. त्यांनी उलटा धरून बघितला. म्हणाले, कशावर मारणार? ह्यावर मी विचार केला नव्हता, पण ते त्यांना सांगायची गरज नव्हती.

शेडीतल्या सगळ्यांना माझ्या नावावर चहा पाजला. भिवा दोन कप प्यायला आणि म्हणाला, परमूख, असंच नाव कमवा.

२७ जानेवारी, सोमवार. दुपार

माळा सोडला. रावजीशेठचा मेव्हणा कोल्हापूरहून येणार आहे म्हणून त्यांना जागा हवी होती. मी स्वतःहून हो म्हटलं. त्याआधी थोडी बोलाबोली झाली होती ती अशी की एका ट्रकवाल्याला मी शेडीच्या कामाची माहिती देत होतो आणि कंप्रेसर चालू राहिला. ट्यूब फुटली. नवी होती. ट्रकवाला समजूतदार निघाला, पण रावजीशेठ समजूतदार माणूस नाही. म्हणाले, ट्यूब तुझ्या पगारातून, आणि आता काम असेल तेव्हा हाक मारीन तेव्हा ये.

म्हणजे मी पार्टटाइम झालो. बरंच झालं. सेवेला वेळ कमी पडत होता.

२७ जानेवारी, संध्याकाळ

आप्पांना विचारणार होतो, हॉटेलात पडायला जागा आहे काय. पण मग ते उगाच मोठे होतात. शेवटी ठरवलं, शेडीतच राहायचं. लांबून मैत्री होत नाही. त्यांच्यात राहून त्यांचा प्रॉब्लेम आतून बघायचा. असं आजपर्यंत तिठ्यावर कोणी केलेलं नाही.

धोंडूबाईने काहीच विचारलं नाही. भिंतीकडच्या कोपऱ्यातली आपली बोचकी उचलली आणि म्हणाली, तिकडे नीज, तिथे वारा लागत नाय. भिवाने दोन गोणपाटं दिली. म्हणाला, एक खाली, एक वर, झब्बा मात्र काढून ठेवा परमूख, चुरगळेल.

त्यांच्या डोळ्यांत मला कृतज्ञता दिसली.

२ फेब्रुवारी, रविवार

आयेला पत्र टाकलं. जागा बदलली आहे. आताची जागा ऐसपैस, हवेशीर, हमरस्त्याला लागून. एसटी अगदी दारात थांबते. शेजारी माणसं चांगली आहेत, वडीलधारी बाई सोबतीला आहे. कामात बढती झाल्यासारखीच आहे. पैशाचं काम चालू आहे.

एकही शब्द खोटा लिहिलेला नाही. खाली शिक्का मारला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज एक गोंधळ झाला. खिचडी आली तेव्हा मी मैत्री विभागाच्या कामात होतो, म्हणजे दोघांच्या मध्ये बसलेला. वाढायला मंडळाचा पखवाजवाला होता. त्याने धोंडूबाईला वाढली, मला वाढली, भिवाला वाढली आणि पुढे गेला. मी त्याला सांगायला तोंड उघडलं की अरे मी मंडळाचा माणूस, मी शेवटी बसणार. धोंडूबाई म्हणाली, निवेल, खा आधी.

खिचडी बरी होती. मीठ कमी. सांगावं तर लोकांना राग येतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मोठा प्लॅन. धोंडूबाईला पक्की जागा मिळालीच पाहिजे. ती रात्री खोकते. पावसात ह्या शेडीचे पत्रे टिकणार नाहीत, हे मी आत राहिल्यामुळे कळलं. शनिवारी भजनानंतर मंडळापुढे बोलणार. भाषण पाठ करतोय. भिवाला म्हणून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाला, चांगलं हाय, पण त्यात म्हातारी कधी येते?

१५ फेब्रुवारी, शनिवार

भाषण झालं. सुरुवात माझ्या लहानपणापासून केली, मग सातवीच्या परीक्षेत माझ्यावर कसा अन्याय झाला ते, मग सेवेची ओढ. पेटीवाला मध्येच घरी गेला. पखवाजवाला पखवाजावर डोकं ठेवून ऐकत होता. मी धोंडूबाईवर येणार तेवढ्यात आप्पा म्हणाले, धोंडूबाईचं बुधवारीच ठरलंय रे. ती सोमवारपासून माझ्याकडे मासे साफ करायला येतेय, मागच्या पडवीत झोपेल, दोन वेळचं जेवेल. तुला बोलली नाय काय ती?

म्हणजे माझ्या भाषणाचा परिणाम भाषणाच्या आधीच झाला. मी बुधवारी पाठ करत होतो तेव्हाच आप्पांच्या कानावर गेलं असणार.

टोप मी घासला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धोंडूबाई गेली. तिची बोचकी मी रस्ता ओलांडून दिली. ती म्हणाली, तूही चल झिला, पडवी मोठी हाय, आप्पांना मी सांगते. मी म्हटलं, धोंडूबाई, मी आलो तर शेडीचं कोण बघणार. तिने माझ्या हातातली बोचकी घेतली. मग म्हणाली, तुझी आये हाय ना रं. हाय म्हटलं. मग, एवढंच ती म्हणाली आणि गेली.

अर्धवट बोलायची सवय आहे तिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

गुणवंतीच्या अक्षरात पत्र. आयेने लिहिलंय, कौलवाला रोज विचारतो. पैसे हातात पडल्याशिवाय गाडी भरणार नाही म्हणतो. शिमगा जवळ आला. तू स्वतः येशील काय? पालखी आत घ्यायला घरचा बाप्या दारात उभा पायजे, नायतर मानकऱ्यांना निमित्त होतं.

रावजीशेठने ह्या आठवड्यात एकदाच हाक मारली. ती पण हवा भरायला.

नवीन निश्चय. मार्च महिन्यात एकही चहा उधार नाही.

१ मार्च, शनिवार

चहा आप्पांनी स्वतः पाठवला, त्याला उधार म्हणत नाहीत.

भिवाचं नशीब निघालं. आप्पांच्या ओळखीने लांज्याला एका लाकडाच्या वखारीवर राखणदार म्हणून लागला. राहायला खोपी आहे. मी त्याला सेवेतर्फे निरोप दिला, ओळखपत्र म्हणून एका कागदावर शिक्का मारून दिला. त्याने त्यात तंबाखू बांधली. एसटीत चढताना ओरडून म्हणाला, परमूख, गोणपाटं ठेवून घ्या, भाडं नको. कंडक्टरसुद्धा हसला.

सगळ्या गाडीपुढे त्याने मला प्रमुख म्हटलं ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

२ मार्च, रविवार. सकाळ

दोन महिन्यांच्या कामाचा आढावा. धोंडूबाई गेली, भिवा गेला. रत्नागिरीकडचा एक कुटुंबवाला होता तो त्याच्या मेव्हण्याकडे गेला. सेवेला शंभर टक्के यश. ह्या शेडीत आता एकही बेघर माणूस उरलेला नाही.

मी एकटाच आहे.

८ मार्च, शनिवार

आप्पांना सांगितलं, आता खिचडीची गरज नाही, शेड रिकामी झाली. आप्पा टोपात डाळ ओतत होते. म्हणाले, रिकामी कुठं झालीय. मी म्हटलं, कोणी नवीन आलं काय, मला कसं दिसलं नाही. पखवाजवाल्याने तोंड फिरवलं, त्याला ठसका लागला.

खिचडी आली. वाया जाऊ नये म्हणून मी खाल्ली.

१४ मार्च, शुक्रवार

धोंडूबाई रोज दुपारी हॉटेलाच्या मागच्या बाजूने डबा आणून देते. मी म्हटलं, हे बरोबर दिसत नाही, सेवा आपण करायची, तुम्ही घ्यायची. ती म्हणाली, बरं, मग घेते हो. आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. कोलंबीचं सार होतं.

मग म्हणाली, शिमग्याला जा घरी. मी कौलांच्या पैशाचं सगळं सांगितलं, पाचशे कसे जमत आले होते आणि परिस्थिती कशी आड आली. ती म्हणाली, पैशे नसतील तर हात हायत ना दोन. रानातून वासे तोड, पेंढा घाल वर. देव काय कौलं मोजत येतोय. तू दारात दिसलास की झालं तिचं. मी म्हटलं, पाचशे कळवलेत, आता पेंढा घेऊन कसा जाऊ. वाडी काय म्हणेल.

ती म्हणाली, मीपण असंच म्हणत बसले व्हते.

डबा घेऊन गेली. घर कसं गेलं ते आज सांगेल असं वाटलं होतं, पण तिला विषयाला धरून बोलता येत नाही.

२२ मार्च, शनिवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

शिमगा तोंडावर, म्हणून आजचं भजन शेडीतच करायचं आप्पांनी ठरवलं. मला आनंद झाला. शेवटी मंडळ माझ्या जागी आलं. मी शेड झाडून घेतली, पाणी मारलं, गोणपाटं घडी करून पत्र्यामागे ठेवली, झब्बा घातला. शिक्का खिशात ठेवला, गरज पडली तर असावा.

भजन रंगलं. तिठ्यावरची बरीच माणसं थांबली. रावजीशेठ मेव्हण्यासकट आले. मग आप्पा नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मी त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिलो, ती प्रमुखाची जागा. गाऱ्हाण्याला होय महाराजा म्हणण्यात मी लहानपणापासून पुढे. आमच्या वाडीत माझा आवाज खालच्या वहाळापर्यंत जातो.

आप्पा म्हणाले, बा मारुतीराया, आज ह्या जाग्यावर तुझी लेकरं गोळा झाली हायत. होय महाराजा. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं त्यांना तू आसरा दिलास. होय महाराजा. पण एक लेकरू अजून उघड्यावर हाय. मी सगळ्यांच्या वरताण म्हटलं, होय महाराजा. त्याला गाव हाय, घर हाय, घरात आय हाय, पण जायला तोंड नाय असं त्याला वाटतंय. होय महाराजा. कामधंदा सुटलाय, पोटाची आबाळ हाय, तरी कुणाजवळ मागत नाय. मला त्या माणसाची खरोखर दया आली. होय महाराजा, मी म्हटलं, डोळे मिटून. तर बा महाराजा, हा जो मंडणगडाकडचा लवू, त्याला सांभाळ आणि त्याच्या आयशीच्या दारात सुखरूप नेऊन उभा कर.

होय महाराजा.

हे पण मी म्हटलं. जोरात म्हटलं. आवाज निघून गेल्यावर मला नाव ऐकू आलं. बाकीच्यांचं होय महाराजा माझ्या मागून आलं, जरा हळू.

मग पत्रावळ मांडली. एकच. सगळं मंडळ उभं होतं आणि मी बसलो, कारण उभा राहिलो असतो तर कुठं बघायचं ते कळत नव्हतं. रावजीशेठने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. डाव धोंडूबाईच्या हातात होता. तिने वाढली. म्हणाली, खा झिला.

खिचडी खाली करपलेली होती. मी सगळी खाल्ली.

२३ मार्च, रविवार

आरतीच्या ताटात पडलेले पैसे आप्पांनी सकाळी कागदात बांधून आणून दिले. मंडळाची रीत आहे म्हणाले, ज्याच्या नावाने गाऱ्हाणं, त्याचं ताट. मी म्हटलं, मंडळाच्या कार्याला ठेवा. आप्पा म्हणाले, हेच कार्य हाय. एसटीचं तिकीट काढून उरतील. मंगळवारी होळी, आज निघालास तर मिळते. तुमच्या वाडीत पालखी कधी? रंगपंचमी झाल्यावर, मी म्हटलं. मग वासे चढवायला पण दिवस हायत, आप्पा म्हणाले.

धोंडूबाईने पदराची गाठ सोडली आणि दहाची नोट काढून त्यात ठेवली. म्हणाली, आयशीच्या हातात दे. तुझ्या हाताने दे.

मंडणगडाची गाडी दुपारची. शेडीसमोरच थांबते.

२३ मार्च, संध्याकाळ

गाडी वेळेवर आली. थांबलीसुद्धा. कंडक्टरने विचारलं, येतोस काय. मी म्हटलं, मी इथलाच आहे.

सगळ्या बाजूंनी विचार केला. पाचशे सांगून रिकाम्या हाताने दारात उभं राहणं म्हणजे आयेचाच अपमान. शिवाय मी गेलो तर शेड मोकळी पडेल आणि पुन्हा कोणीतरी बेघर येऊन राहील. दोन महिन्यांचं काम फुकट.

धोंडूबाई हॉटेलाच्या मागच्या दारात उभी होती. गाडी गेल्यावर तिने डबा आणून ठेवला. आज मेल्या पण म्हणाली नाही.

२४ मार्च, सोमवार

ताटातले पैसे घेऊन पोस्टात गेलो. मास्तर म्हणाले, चार-पाच दिवसांत पोचेल. पालखीच्या आधी. म्हणजे काम झालंच.

मनीऑर्डरच्या खाली निरोपाला जागा असते. लिहिलं, आये, सेवेच्या कामातून निघता येत नाही. ह्यात कौलं येणार नाहीत, पेंढा घे आणि गुणवंतीच्या भावाला वर चढव. पालखी आली की दारात त्यालाच उभा कर, माझा झब्बा पाठवतोय तो त्याला घाल. मानकऱ्यांनी विचारलं तर सांग, लवू मोठ्या कामावर आहे. खाली शिक्का मारणार होतो. मास्तरांनी हात धरला, म्हणाले, फॉर्म बाद होईल.

झब्ब्याचं पार्सल आणि मनीऑर्डरचं कमिशन जाऊन, आयेला पाठवले रुपये एक्केचाळीस.